माणूस हिंसक का होतो? येरवड्याच्या दोन दारांची गोष्ट

"याला आता येरवड्याला पाठवा" हे वाक्य पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते, बहुतेकदा थट्टेत. पण पाठवायचे म्हणजे नेमके कुठे? येरवड्यात मोठ्या भिंतींच्या दोन संस्था आहेत. एक मध्यवर्ती कारागृह आणि दुसरे मनोरुग्णालय. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींचे मिळून एकच 'येरवडा' करून टाकले आहे. जणू गुन्हेगार आणि मनोरुग्ण ही एकाच गावची माणसे!

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. पण त्याचे परिणाम मला दवाखान्यात दिसतात. एखाद्या तरुणाला स्किझोफ्रेनिया झाल्याचे कळले, की घरच्यांचा पहिला प्रश्न बरेचदा औषधाबद्दल नसतो. "डॉक्टर, हा कुणाला मारणार तर नाही ना?" असा असतो. याउलट, नवऱ्याच्या मारहाणीचे वळ अंगावर घेऊन आलेली बाई सांगते, "तसे ते चांगले आहेत हो, फक्त डोक्याने जरा गरम आहेत." जिथे भीतीचे फारसे कारण नाही तिथे आपण घाबरतो आणि जिथे खरा धोका आहे तिथे पांघरूण घालतो.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी आज आपण इतिहासातल्या दोन प्रकरणांकडे बघू. दोन्हींचा शेवट येरवड्याशी जोडलेला आहे. आणि त्यांच्याकडे बघताना मनोविश्लेषण या शाखेची मदत घेऊ. मी फिजिशियन आहे, मनोविश्लेषक नाही. त्यामुळे जमेल तितके सोपे करून सांगतो.

पहिले दार: रमण राघव

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रात्री फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरीब माणसांची डोकी ठेचून खून होत होते. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास केला आणि ऑगस्टमध्ये रमण राघव पकडला गेला. त्याने खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासले. त्याच्या बोलण्यातून जे समोर आले ते असे: जगे दोन आहेत, एक 'कानून'चे आणि एक आपण राहतो ते. आपण त्या 'कानून'चे प्रतिनिधी आहोत. लोक आपले लिंग बदलण्याचा कट करत आहेत, पण आपण 'कानून'चे असल्यामुळे तो सफल होत नाही. या समजुती कोणत्याही युक्तिवादाने हलत नव्हत्या. मंडळाचे निदान होते जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. फाशीची जन्मठेप झाली. तो येरवड्याच्या तुरुंगात राहिला आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने वारला.

इथे आजार होता, यात शंका नाही. पण एक लक्षात घ्या. असे प्रकरण इतके विरळ असते की पन्नास वर्षांनंतरही आपल्याला त्याचे नाव आठवते. स्किझोफ्रेनियाचे हजारो रुग्ण आपल्या आसपास औषधे घेत, नोकरी करत, घरात शांतपणे राहतात. त्यांची नावे कुणाला माहीत नसतात. उपचार न मिळालेला तीव्र आजार आणि सोबत दारू किंवा अमली पदार्थ असतील तर धोका काही प्रमाणात वाढतो, हे खरे. पण बहुसंख्य मनोरुग्ण कुणालाही इजा करत नाहीत. उलट मार खाण्याची, फसवले जाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते.

दुसरे दार: १९७६ चे पुणे

आता दुसरे प्रकरण. आज साठीच्या पुढे असलेल्या पुणेकरांना त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात, म्हणजे आणीबाणीच्या दिवसांत, पुण्यात दहा खून झाले. पहिला बळी होता मारेकऱ्यांच्याच कॉलेजातला एक विद्यार्थी. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघे मारले गेले. १ डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणाऱ्या बाई अशा पाच जणांचे खून झाले. हाती लागलेला ऐवज पाच जिवांपुढे क्षुल्लक होता. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत आणि बेल वाजली तरी लोक दार उघडायला कचरत.

मार्च १९७७ च्या अखेरीस आरोपी पकडले गेले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांचा एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनी ती कायम केली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली.

शहराला दोन धक्के बसले. पहिला खुनांचा. दुसरा, ही मुले 'आपल्यातलीच' निघाल्याचा. चित्रकला शिकणारी, इराण्याकडे चहा पिणारी, स्कूटरवर फिरणारी चार कॉलेजची मुले. भास नाहीत, भ्रम नाहीत. कायद्याने ज्याला वेड म्हणावे असे काही न्यायालयाला आढळले नाही. मग हे आले कुठून?

फ्रॉइडला पडलेला प्रश्न

नेमका हाच प्रश्न साठ वर्षे आधी व्हिएन्नामध्ये डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांना पडला होता. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ज्या युरोपने संगीत, विज्ञान, तत्त्वज्ञान यांचा अभिमान बाळगला तो चिखलातल्या खंदकांत एकमेकांचे गळे कापू लागला. १९१५ मध्ये फ्रॉइडने या निराशेवर एक निबंध लिहिला. त्याचा आशय असा: सुसंस्कृत माणूस एवढा खाली कसा घसरला म्हणून आपण हळहळतो, पण आपण समजत होतो तेवढा तो वर कधी गेलाच नव्हता. आदिम प्रेरणा नाहीशा होत नाहीत. त्या झाकलेल्या असतात, इतकेच.

१९२० मध्ये त्याने आणखी पुढे जाऊन मांडले, की माणसात जोडणारी, जगवणारी प्रेरणा असते, तशी मोडणारी, नष्ट करणारी प्रेरणाही असते. १९३० च्या पुस्तकात त्याने संस्कृतीचा या दुसऱ्या प्रेरणेशी चाललेला झगडा उलगडून दाखवला.

त्याची मांडणी घरातल्या उदाहरणाने समजून घेऊ. दोन वर्षांचे मूल रागावले की चावते, मारते, हातातले फेकते. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा मारणे-चावणे हे सर्वांत जास्त या दोन-तीन वर्षांच्या वयातच दिसते आणि नंतर बहुतेक मुलांमध्ये कमी होत जाते, असे आढळले. म्हणजे मारायला शिकवावे लागत नाही. शिकावे लागते ते न मारणे. फ्रॉइडच्या भाषेत, तात्काळ हवे ते मागणारा मनाचा भाग म्हणजे 'इड', वास्तवाशी जुळवून घेणारा 'इगो' आणि आई-वडिलांचा आवाज आत मुरून तयार झालेला पहारेकरी म्हणजे 'सुपरइगो'. पहारेकरी नीट तयार झाला की राग येतो, पण हात उठत नाही. उठलाच तर अपराधी वाटते.

आता आपल्या मूळ घोळाकडे या. स्वतःमधली नको असलेली भावना दुसऱ्यावर ढकलण्याच्या मनाच्या सवयीला मनोविश्लेषणात 'प्रक्षेपण' म्हणतात. हिंसा 'वेड्यांची', 'राक्षसांची', 'बाहेरून आलेल्यांची' असते असे म्हटले, की आपण आणि आपले घर सुटतो. १९७७ मध्ये पुण्याला बसलेला दुसरा धक्का हा या सोयीच्या समजुतीला बसलेला होता.

टोळीत पहारेकरी बदलतो

चौघांच्या मनाचे निदान मी करणार नाही. ज्याला तपासले नाही त्याचे निदान करू नये, हा आमच्या व्यवसायाचा साधा नियम आहे. पण प्रकरणाचा आकार बोलका आहे. हे एकट्याचे कृत्य नव्हते. म्होरक्या होता, साथीदार होते आणि पहिल्या खुनानंतर सर्वांना बांधून ठेवणारे गुपित होते.

१९२१ मध्ये फ्रॉइडने समूहाच्या मनावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातला मुख्य विचार असा, की गटात शिरलेला माणूस आपल्या आतल्या पहारेकऱ्याच्या जागी गटाच्या नेत्याला बसवतो. मग बरे-वाईट ठरवायचे काम नेत्याकडे जाते. गटातले बाकीचे आपल्यासारखेच वागत आहेत, हे बघून उरलीसुरली टोचणीही बोथट होते. एकटा असताना ज्याला लाज वाटली असती, तोच माणूस गटात मागे राहण्याची लाज बाळगू लागतो.

१९७६ चे कॅलेंडर बघा. पहिला खून जानेवारीत. पुढचे ऑक्टोबरच्या शेवटी. त्यानंतर जेमतेम एका महिन्याने पाच खून. एकदा ओलांडलेला उंबरठा दुसऱ्यांदा तितका उंच राहत नाही. म्हणूनच हिंसेच्या बाबतीत 'पहिली वेळ' सर्वांत महत्त्वाची असते, मग ती टोळीतली असो वा घरातली. यातल्या मुनव्वर शहाने पुढे तुरुंगात आत्मकथन लिहिले. त्याचे नावच 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' असे आहे.

सगळ्याच टोळ्या खून करत नाहीत, हे उघड आहे. पण कॉलेजातले रॅगिंग, जमावाने केलेली मारहाण, एखाद्याला ठरवून लक्ष्य करणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, या सगळ्यांत हीच यंत्रणा कमी-अधिक प्रमाणात काम करताना दिसेल.

पहारेकरी घडतो कुठे?

फ्रॉइडनंतरच्या मनोविश्लेषकांनी मुलांकडे जास्त लक्ष दिले. लंडनमध्ये जॉन बोल्बी यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली १४ मुले कुणाबद्दलच माया न वाटणारी, अशी त्यांना आढळली आणि त्या १४ पैकी १२ मुलांची अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. अभ्यास लहान होता, त्यावर टीकाही झाली. पण मायेचे नाते आणि मनाचा लगाम यांचा संबंध आहे, हा मुद्दा टिकला. इथे 'आई' म्हणजे सातत्याने मायेने सांभाळणारे कुणीही, वडील, आजी, मावशी. नोकरी करणाऱ्या आयांनी अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही.

फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना हिने १९३६ मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडले. घाबरलेले मूल भीती घालवण्यासाठी घाबरवणाऱ्याचीच भूमिका घेते. बापाचा मार खाणारा मुलगा धाकट्या भावाला मारतो, तो खोडकर म्हणून नव्हे. मार खाणाऱ्याच्या जागेवरून उठून मारणाऱ्याच्या जागेवर बसल्यावर त्याला जिवात जीव आल्यासारखे वाटते. "आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" असे सांगत मुलाला बदडणारे वडील याच साखळीतली पुढची कडी असतात.

बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक असलेल्या डोनाल्ड विनिकॉट यांनी याची दुसरी बाजू सांगितली. मुलाचा संताप आईने झेलावा, पण सूड घेऊ नये आणि कोलमडूही नये. "तू कितीही चिडलास तरी मी इथेच आहे, पण मारू देणार नाही" हा अनुभव मुलाला पुन्हा पुन्हा मिळाला, की आपल्या रागाने जग मोडत नाही, हे त्याला कळते. मग राग शब्दांत बोलता येतो.

मोठ्यांमध्ये काय? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत अनेक वर्षे काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन यांनी १९९६ च्या पुस्तकात लिहिले, की गंभीर हिंसा करणाऱ्या कैद्यांना 'का केलेस?' असे विचारले की उत्तर बहुतेक वेळा अपमानाशी येऊन थांबे. हिंसेच्या मुळाशी त्यांना लाज दिसली, आपण कुणीच नाही ही असह्य भावना. आपल्याकडची भाषाही हेच सांगते. 'चार लोकांत इज्जत काढली', 'नाक कापले', 'माझ्याशी उलट बोलली'. घरातल्या मारहाणीच्या किती कहाण्या या वाक्यांपासून सुरू होतात!

याचा अर्थ मारणाऱ्याला माफ करावे असा नाही. ताप का आला हे समजून घेणारा डॉक्टर तापाची बाजू घेत नसतो. कारण समजले तरी जबाबदारी करणाऱ्याचीच राहते.

१९३२: व्हिएन्नाचे पत्र आणि येरवड्याचा उपवास

३० जुलै १९३२ रोजी अल्बर्ट आइनस्टाइन यांनी फ्रॉइडला पत्र लिहून विचारले, की माणसाला युद्धाच्या संकटातून सोडवण्याचा काही मार्ग आहे का? सप्टेंबरमध्ये फ्रॉइडने उत्तर धाडले. आक्रमकता मुळापासून काढून टाकता येईल, अशी आशा त्याने दाखवली नाही. पण तिला वळण देता येते, असे सांगितले. माणसामाणसांत भावनिक धागे जोडणारी प्रत्येक गोष्ट आणि संस्कृतीची वाढ, या दोन्ही युद्धाच्या विरोधात काम करतात, असे त्याचे मत होते.

त्याच सप्टेंबरमध्ये, २० तारखेला, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास सुरू केला आणि २४ तारखेला पुणे करार झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो जोडला गेला नंतर. एरिक एरिकसन या मनोविश्लेषकाने १९६९ मध्ये गांधीजींवर ग्रंथ लिहिला. स्वतःच्या आतल्या आक्रमकतेला ओळखून तिला शिस्त लावणे, या बाबतीत सत्याग्रह आणि मनोविश्लेषण एकमेकांच्या जवळ येतात, असे त्याला वाटले. पण याच ग्रंथात त्याने गांधीजींना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहून, जवळच्या माणसांशी वागताना त्यांच्या चांगुलपणात दडलेल्या कठोरपणावर बोटही ठेवले. येरवड्याच्या उपवासाबाबतही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तक्रार तीच होती. तो आपल्यावर आणलेला दबाव होता, असे त्यांनी पुढे कडक शब्दांत लिहिले. हिंसेला नेहमी हत्यार लागतेच असे नाही. अबोला, उपाशी राहण्याची धमकी, 'मी मेल्यावर कळेल' ही वाक्येही घराघरांत हत्यारासारखी वापरली जातात.

हा सिद्धांत किती खरा?

सगळाच नाही. विनाशाच्या जन्मजात प्रेरणेची कल्पना अनेक मनोविश्लेषकांनीच नाकारली. एरिक फ्रॉम यांनी १९७३ मध्ये स्वसंरक्षणासाठीची आक्रमकता आणि क्रौर्याची विकृत ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मांडले. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप होता, की मनोविश्लेषणाचे दावे खोटे ठरवून बघण्याची सोयच नाही. शिवाय गरिबी, जात, बाईला कमी लेखणारी रीत, हत्यार किंवा दारू सहज मिळणे, यांचे उत्तर एकट्याच्या मनात शोधून सापडत नाही.

आणि फिजिशियन म्हणून मला एक फार महत्त्वाची गोष्ट जोडायची आहे. प्रत्येक आक्रमकतेचे कारण मनात नसते. शांत स्वभावाचे आजोबा अचानक एका रात्रीत शिव्या देऊ लागले, अंगावर धावू लागले, तर बालपण शोधू नका. रक्तातली साखर कमी झाली आहे का, सोडियम उतरले आहे का, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग आहे का, नवे औषध सुरू झाले आहे का, डोक्याला मार लागला आहे का, हे त्याच दिवशी तपासून घ्या. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत भास, थरथर आणि आक्रमकता दिसली, तर तो जिवावर बेतू शकणारा आजार आहे. त्याला खोलीत कोंडू नका, रुग्णालयात न्या.

तर मग घरी काय करायचे?

• लहान मूल मारते तेव्हा त्याचा हात धरा, त्याला मारू नका. "राग आलाय ना? सांग, पण मारायचं नाही" हे शांतपणे, रोज, कंटाळा न करता सांगा.

• मुलाला, सुनेला, नोकराला चारचौघांत अपमानित करू नका. चूक सांगायची तर एकांतात सांगा.

• किशोरवयीन मुलगा कुणाच्या सांगण्यावरून वागतो, हे माहीत असू द्या. त्याचा गट त्याला 'नाही' म्हणू देतो का, हा खरा प्रश्न.

• पहिली थप्पड 'एकदाच झाले' म्हणून सोडू नका. त्याच वेळी घरच्यांशी, डॉक्टरांशी, गरज पडली तर पोलिसांशी बोला.

• घरात मनोरुग्ण असेल तर त्याला घाबरण्यापेक्षा त्याची औषधे चुकत नाहीत ना, इकडे लक्ष द्या. तो कुणावर हल्ला करायला सांगणारे आवाज ऐकू येतात म्हणाला, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

• स्वतःचा राग आवरेनासा झाला असेल तर मदत मागण्यात कमीपणा नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२.

या मदतीची गरज असलेले बहुतेक लोक येरवड्याच्या कोणत्याच भिंतीआड नाहीत. ते तुमच्या-माझ्या घरात आहेत, आणि वेळेवर कुणी बोलले तर त्यांतले बरेच जण ऐकतात.